मांडीवरचे बिऱ्हाड

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदम येत नाही. ती आधी विषय म्हणून येते, मग वाद म्हणून मुक्काम करते, आणि पुष्कळदा वस्तू म्हणून येण्याच्या आतच तिचे मॉडेल बंद पडलेले असते. मिक्सर आमच्याकडे अकरा महिने विषय होता. धुण्याचे यंत्र मी बँकेत चिकटलो तेव्हा विषय झाले आणि माझी पहिली बदली झाली तेव्हा घरात आले. त्यामुळे मे महिन्यातल्या एका रात्री जेवताना कन्या म्हणाली, "बाबा, मला लॅपटॉप लागेल," तेव्हा मी शांतपणे आमटीचा भुरका मारला. म्हटले, दोनेक वर्षे तरी निवांत आहेत.

"सप्टेंबरच्या आत," ती म्हणाली.

कन्येने उपयोजित कलेची पदवी घेतली होती आणि पुढे डिझाइन शिकायला ती इटलीत मिलानला जाणार होती. डिझाइन म्हणजे नेमके काय, हे मी तिला चार वर्षांत तीनदा विचारले. तिन्ही वेळा तिने सांगितलेले मला पटले, पण तिन्ही उत्तरांचा ताळमेळ काही बसला नाही. बँकेत कोणी विचारले तर मी "चित्रकलेतलं कॉमर्स" असे सांगून वेळ मारून नेतो.

"कसला लॅपटॉप?" मी विचारले.

"दोनच अटी आहेत. त्याच्यावर डिझाइनचं काम झालं पाहिजे आणि तो घेऊन मला बाहेर हिंडता आलं पाहिजे."

दोनच अटी! माझ्या आत्याने मुलासाठी स्थळे पाहताना अशाच दोनच अटी घातल्या होत्या. मुलगी नोकरी करणारी हवी, आणि दिवसभर घरात हवी. तो आतेभाऊ आज बावन्न वर्षांचा आहे आणि स्वतःची पोळी स्वतः लाटतो.

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. ती साधून आम्ही दोघे डोंबिवलीहून निघालो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने पाटाएवढे एक यंत्र काउंटरवर ठेवले. "काम करायचं असेल तर हा." मग शाळेच्या पाटीएवढे दुसरे ठेवले. "प्रवास करायचा असेल तर हा."

"आणि दोन्ही करायचं असेल तर?"

पॅनकार्ड न आणता खाते उघडायला आलेल्या माणसाकडे मी जसा बघतो, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, दोन्ही करायचं असेल तर आधी बजेट सांगा."

मी बजेट सांगितले. त्याने चहा मागवला नाही.

आकडे असे होते: पाटी एक लाख दहा हजार, पाट एक लाख नव्वद, आणि दोन्ही करणारा तो तिसरा अवतार दोन लाख पंच्याहत्तर. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, आज घेतला तर हा भाव, पुढच्या आठवड्याचे माझ्या हातात नाही, हेही त्याने सोनाराच्या गांभीर्याने सांगितले. बँकांच्या शैक्षणिक कर्जात संगणकाचा खर्च धरता येतो, पण तो "वाजवी" असावा असे म्हटलेले असते. "वाजवी म्हणजे किती हो?" असे विचारणाऱ्या पालकांना मी इतकी वर्षे काउंटरमागून गूढ हसत आलो आहे. आता तेच हास्य माझ्यावर उलटले. कर्जाचा आकडा आधीच एवढा झाला होता की त्यात आणखी काही घालायचा धीर होईना. राहता राहिला माझा प्रॉव्हिडंट फंड.

माणूस कॉमर्सचा असला की त्याला एक खोड असते. समोरच्या गिऱ्हाइकाने कितीही गोड बोलून कर्ज मागितले तरी तो म्हणतो, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणा. मी ठरवले, लॅपटॉप या इसमाचेही मागचे ताळेबंद पाहायचे. पन्नास-साठ वर्षांत यांच्या घराण्यात कोणाला तरी काम आणि प्रवास ही दोन्ही खाती एकदम सांभाळता आली आहेत का, ते बघू. मग पुढचे दोन महिने मी रात्री जेवण झाल्यावर या घराण्याची वंशावळ काढत बसलो. सौ. म्हणाली, "मुलीचं स्थळ आलं तरी एवढी चौकशी करणार नाही हा माणूस."

या घराण्याचा मूळपुरुष पुठ्ठ्याचा होता. चेष्टा नाही. १९६८ साली, संगणक खोली अडवून बसत होते त्या काळात, अ‍ॅलन के नावाच्या अमेरिकन तरुणाच्या मनात आले की पोराने वहीसारखा काखोटीला मारून न्यावा असा संगणक पाहिजे. ते यंत्र तयार करण्याचे सामान तेव्हा जगात नव्हते. म्हणून त्याने पुठ्ठ्याचा नमुना बनवला आणि तो किती हलका असायला हवा हे पाहण्यासाठी आत शिशाचे छर्रे ओतले. उत्तर आले: दोन पौंडांच्या आत. म्हणजे किलोभरसुद्धा नाही. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना १९७२ साली त्याने या यंत्रावर एक निबंध लिहिला आणि त्याचे नाव ठेवले डायनाबुक. ते यंत्र त्या रूपात कधीच बाजारात आले नाही. पण मला तो माणूस फार आवडला. आधी त्याने उचलून पाहिले, मग आत काय भरायचे याचा विचार केला. त्याच्यामागून आलेल्या बहुतेकांनी आधी आत सगळे भरले आणि मग उचलायला गेले.

उदाहरणार्थ आय.बी.एम. १९७५ साली त्यांनी ५१०० नावाचा संगणक काढला आणि जाहीर केले की हा हलवता येतो. वजन पंचवीस किलोंच्या आसपास, पडदा पाच इंचांचा. आमच्या वाण्याकडे तांदळाचे पोते पंचवीस किलोंचे असते. तेही हलवता येते. फक्त त्याला हलवायला जो माणूस येतो, त्याला आपण हमाल म्हणतो.

आता ऑस्बोर्न. वाचकहो, या गृहस्थापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण एक तर तो अर्धा आपल्याकडचा आणि दुसरे म्हणजे त्याची कथा प्रत्येक बँकेत नवीन भरती झालेल्या पोरांना सांगावी अशी आहे. अ‍ॅडम ऑस्बोर्न जन्मला बँकॉकला, १९३९ साली. वडील इंग्रज, रमण महर्षींचे भक्त. त्यामुळे पोराचे बालपण गेले तामिळनाडूत. पुढे तो अमेरिकेत गेला, संगणकांवर पुस्तके लिहून नावारूपाला आला आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये त्याने ऑस्बोर्न-१ हा संगणक बाजारात आणला. शिवणयंत्राची पेटी असते ना, तसा. कडी धरून उचलायचा, विमानात आसनाखाली सरकवायचा, आणि मुक्कामी पोचल्यावर झाकण काढले की झाकणातच टंकफलक. वजन अकरा किलो. किंमत १,७९५ डॉलर, आणि त्यासोबत पत्रे लिहायचा, हिशेब करायचा असे प्रोग्रॅम फुकट. ते वेगळे विकत घेतले असते तर जवळजवळ तेवढेच पैसे पडले असते. लोकांनी उड्या टाकल्या. भरभराटीच्या काळात महिन्याला दहा हजार यंत्रे खपत होती म्हणतात.

पडदा मात्र पाच इंच. पोस्टकार्डापेक्षाही लहान. एका ओळीत बावन्न अक्षरे मावत आणि उरलेली वाचायला सगळा मजकूर डावीकडे सरकवावा लागे. विमानाच्या खिडकीतून आपले गाव शोधावे तसे. या पडद्यावर आमच्या कन्येने पोस्टर केले असते तर माणसाचे नाक आज आणि कान उद्या काढावा लागला असता. म्हणजे प्रवास खाते जमेत, काम खाते नावे.

पण ऑस्बोर्न बुडाला तो पडद्यामुळे नव्हे, तोंडामुळे. जुना माल दुकानांत पडून असतानाच त्याने सांगायला सुरुवात केली की, पुढचे मॉडेल काय आहे म्हणता! दुकानदार म्हणाले, मग पुढचेच पाठवा. जुन्याच्या मागण्या थांबल्या, नवे तयार नव्हते, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. काही जाणकार म्हणतात की दिवाळ्याची खरी कारणे वेगळी होती, कॉम्पॅकसारखे प्रतिस्पर्धी होते, कारभार ढिला होता. असेलही. पण धंद्याच्या पुस्तकांत या प्रकाराला आजही 'ऑस्बोर्न परिणाम' म्हणतात. हे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. ती म्हणाली, "यात नवीन काय? पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय म्हणून अकरा महिने पाट्यावर चटणी वाटलीय मी." परिणामाचे दुसरे टोक आमच्या स्वयंपाकघरात होते हे मला तोवर कळले नव्हते. ऑस्बोर्न उतारवयात भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला.

त्याच १९८३ साली आपल्याकडच्या बँकांत काय चालले होते, हे आमच्या शाखेतून कधीच निवृत्त झालेले एक हेडक्लार्क साहेब सांगतात. त्या वर्षी बँकांचे मालक आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रे किती आणि कुठली आणायची याचा करार झाला, आणि पुढल्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. "संगणक नको म्हणून आम्ही मोर्चे काढले," साहेब सांगतात, "घसा बसेपर्यंत!" मग लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पुढे साहेबांचा मुलगा शिकायला अमेरिकेला गेला. हल्ली साहेब शाखेत येतात ते मुलाने पाठवलेला लॅपटॉप घेऊन, आणि पासवर्ड विसरलो म्हणून माझ्यासमोर बसतात. मी त्यांना त्या मोर्चांची आठवण करून देत नाही. लॅपटॉप अडीच किलोंचा आहे आणि माणूस सत्याहत्तर वर्षांचा.

वंशावळीकडे वळू. १९८२ साली दोन पुत्र जन्मले. एक कॉम्पॅकचा. त्याचा पहिला आराखडा म्हणे ह्यूस्टनच्या एका हॉटेलात ताटाखालच्या कागदावर काढला होता. नऊ इंची पडदा, साडेबारा किलो. खूप खपला, हातही खूप दुखले, पुढे चला. दुसरा मात्र राजपुत्र. ग्रिड कंपास. बिल मॉग्रिज या इंग्रज डिझायनरने तो घडवला, आणि पडदा बिजागरीवर मिटून टंकफलकावर पालथा घालायचा ही युक्ती त्यात आणली. आज जगात जेवढे लॅपटॉप उघडतात आणि मिटतात, ते त्याच चालीने. अंग मॅग्नेशियमचे, वजन पाच किलोंच्या आसपास, किंमत ८,१५० डॉलर. नासाने तो अंतराळयानातून पाठवला. एवढा प्रवासी कुलदीपक, पण पहिल्या मॉडेलात बॅटरीच नव्हती! अंतराळात गेला तरी तार जोडल्याशिवाय गडी जागा व्हायचा नाही.

बॅटरीची उणीव अ‍ॅपलने भरून काढली, आणि इतकी काढली की १९८९ सालच्या त्यांच्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये शिशाची बॅटरी होती. मोटारीत असते त्या जातीची. वजन सात किलोंच्या वर. पडदा सुरेख, पण मांडीवर घेतला की मांडी सुन्न. केने शिसे घातले होते ते वजन कमी करण्यासाठी. इथे शिसे तसेच राहिले आणि हेतू तेवढा गळाला. त्यांनाही ते कळले असावे, कारण १९९१ साली त्यांनी पॉवरबुक काढले आणि त्यात टंकफलक मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा ठेवली. साधी गोष्ट. आपण जेवताना ताट जरा पुढे सरकवून कोपर टेकतो, तशी. पण तोवर सुचली कोणाला नव्हती. त्याच वर्षी सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि तिच्या मागच्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोकांना वाटते लॅपटॉप हलके केले ते चिपवाल्यांनी. अर्धे श्रेय या बॅटरीला द्यायला हवे.

आता मिलान. कन्या जिथे जाणार ते गाव या पोथीत कुठे येते का, हे मी शोधत होतोच. आले. १९९२ साली आय.बी.एम.ने थिंकपॅड ७००सी काढला. काळा, चौकोनी, सरळ कडांचा, आणि टंकफलकाच्या मधोमध एक लाल टिकली. त्याचे रूप ठरवणारा रिशार्ड सापर जन्माने जर्मन, पण राहायचा आणि काम करायचा मिलानमध्ये. जपानी लोक जेवणाचा जो काळा डबा नेतात, तो त्याच्या डोळ्यांसमोर होता. बाहेरून काहीच कळत नाही, झाकण काढले की आत सगळे रंग आणि कप्पे. हे वाचून मला फार बरे वाटले. वीस वर्षे मी चर्चगेटच्या गाडीत नाही, पण डोंबिवलीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसतो आहे, आणि मिलानमधल्या माणसाला लॅपटॉप सुचला तो डब्यावरून! शिवाय त्याच देशात ऑलिव्हेटी कंपनीने १९५० साली लेटेरा २२ नावाचा हातात न्यायचा टंकलेखक काढला होता. मार्चेल्लो निझ्झोलीने घडवलेला. पावणेचार किलो. सुंदर वस्तूंचे तिथले मोठे पारितोषिक १९५४ साली त्याला मिळाले. म्हणजे हलके आणि देखणे एकत्र करण्याचे वेड त्या मुलखाला जुनेच. मुलगी योग्य गावी चालली आहे, असे मी सौ.ला सांगितले. ती काही बोलली नाही. मिलानचे नाव निघाले की ती त्या दिवसांत पदराने ओटा पुसायला लागे, पुसलेला असला तरी.

शेवटचा पूर्वज २००८ सालचा. स्टीव्ह जॉब्जने भर सभेत टेबलावरचे एक खाकी पाकीट उचलले, त्याचा दोरा सोडला आणि आतून मॅकबुक एअर बाहेर काढला. सव्वा किलोहून थोडा जास्त. टाळ्यांचा कडकडाट. तसल्या पाकिटातून आमच्या शाखेत आजवर फक्त मेमो बाहेर निघाले आहेत. पण मी किंमत पाहिली आणि उडालोच: १,७९९ डॉलर. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या ऑस्बोर्नपेक्षा चार डॉलर जास्त! अकरा किलोंचे सव्वा किलो झाले, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून काढायचा आकडा तेवढाच राहिला. आणि त्या पहिल्या एअरलाही पाटीचेच दुखणे होते. हलका होता, पण जड कामाला धापा टाकायचा.

तात्पर्य काढण्यासारखे फारसे काही हाती लागले नाही. घराण्यात दोन्ही खाती सांभाळणारा एकही सापडेना. अलीकडचे काही सांभाळतात, पण ते दोन लाख पंच्याहत्तरवाले. डिझाइनवाल्यांचे चोचलेही कन्येने मला समजावून दिले. पडदा नुसता मोठा असून भागत नाही, रंग खरे दाखवणारा लागतो. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली पडद्यावरच्या रंगांचे एक माप ठरवले, त्याला एसआरजीबी म्हणतात. काही पडद्यांना तेवढेही रंग पुरते दाखवता येत नाहीत, आणि छपाईला पाठवल्यावर कुंकवाचा लाल विटेचा होऊन येतो. हे मला पटले. आमच्या शाखेतल्या पडद्यांना करडा आणि जरा जास्त करडा असे दोनच रंग येतात.

अशा पेचात मला ते छर्रे आठवले.

शिसे कुठे मिळते मला ठाऊक नाही. मी बुटांचा खोका घेतला, त्यात अडीच किलो तूरडाळ भरली, वर चिकटपट्टी मारली. हा झाला पाट. सोमवारी तो सॅकमध्ये घालून ८.१४ ची फास्ट पकडली. गर्दीत सॅक पोटावर घ्यावी लागते. ठाणे येईपर्यंत शेजारच्याने विचारले, "काका, आत काय आहे?" मी म्हटले, "लॅपटॉप." गाडीने हिसका दिला आणि लॅपटॉप खळखळला. तो गृहस्थ मुलुंडला उतरला. त्याला उतरायचे नसावे.

मंगळवारी दुकानदाराला फोन केला तेव्हा कळले की या वजनात चार्जर धरलेला नसतो. पाटाचा चार्जर विटेएवढा. बुधवारी पाऊण किलो साखर वाढवली. गुरुवारी खोक्याचा कोपरा फाटला. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत गेलेली डाळीची रेघ पाहिली आणि म्हणाले, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "साहेब, मुलगी परदेशी जातेय." त्यांना मुलगी आहे. त्यांनी शिपायाला झाडू आणायला सांगितले आणि आत गेले. शुक्रवारी खांदा जेव्हा कानाला लागला तेव्हा मी दीड किलोवर आलो, आणि वाटले, हे जमेल.

पण बापाचे मन वेगळा हिशेब करते. पोरगी एवढे कर्ज काढून चालली आहे, तिथे हत्याराला हत्यार कमी पडले तर? मी रद्द झालेल्या भरणा स्लिपेच्या पाठीवर हिशेब मांडला. प्रॉव्हिडंट फंडातून उचल इतकी, दिवाळीचा बोनस इतका, सौ.ची आवर्ती ठेव मोडून इतके, आणि शेवटच्या ओळीत 'दात – पुढे ढकलणे'. दोन लाख पंच्याहत्तर बरोबर जुळले. एका पैशाचा फरक नाही. इतका सुंदर ताळा मला बँकेतही लागत नाही.

ती स्लिप मी टेलिफोनच्या डायरीत ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी कन्या ती हातात घेऊन आली.

"बाबा, मी दीड किलोवाला घेणार."

"अगं, पडदा चौदा इंची आहे त्याचा."

"कॉलेजात मोठे पडदे असतात. पुढे एक जुना विकत घेईन, तार लावली की झालं. मी पोस्टर खोलीत बसून करणार, रस्त्यात चालताना नाही. रंग बरोबर दाखवणारा घेऊ आणि मेमरी तेवढी जास्त घेऊ, कारण पातळ यंत्रात ती पक्की झाळलेली असते, मागून वाढवता येत नाही. बाकी सगळं बाहेरून जोडता येतं. एक लाख बासष्ट म्हणालाय तो."

"पण—"

"आणि उरलेल्यात दात करून घे. वर्षभर तू डावीकडूनच चावतोयस."

मी चकित झालो. ही गोष्ट मी सौ.पासूनसुद्धा लपवली होती. "तुला काय माहीत?"

"बघत असते. माणसं वस्तू कशा वापरतात ते बघायचं, हेच शिकलेय मी."

डिझाइनची ही चौथी व्याख्या. ही मला एकदम समजली. सौ. आतून ओरडली, "आधी मला सांगा, ती डाळ खायची आहे की अजून कुठं न्यायची आहे?"

मग खरेदी झाली. पुढचे सोपस्कार माझ्याकडे आले, कारण बारीक टायपातले वाचण्याची सवय घरात मलाच. विमानात शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी बिनबोभाट नेता येते, त्यावर विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून तर मोठाल्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या नव्याण्णवपूर्णांक कितीतरीवर येऊन थबकतात, बाटाच्या चपलेच्या किमतीसारख्या. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक सामानात टाकायची नाही, जवळ ठेवायची. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेने दुबई, अबूधाबी, दोहा अशा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप जवळ बाळगायलाच बंदी घातली होती. ती जुलैपर्यंत उठली, पण मी तेही वहीत लिहून ठेवले.

प्लगच्या बाबतीत मात्र मी इंग्रजांवर मनापासून चिडलो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, म्हणजे तो जपानच्या शंभरावरही चालतो आणि इटलीच्या दोनशे तीसवरही. अडते ते भिंतीत. आपली तीन गोल पायांची जुनी पिन ब्रिटिशांनी दिलेली. आणि त्यांनी स्वतःच्या देशासाठी चौकोनी पायांच्या नव्या पिनेचे मानक काढले कधी? १९४७ साली! जाताना जुनी पिन आपल्याला देऊन गेले. इटलीत तर तीन पाय एका रांगेत, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. मी दोन जोडण्या घेतल्या, एक हरवली तर असावी म्हणून. तिने दोन्ही घेतल्या. बाकी मी दिलेले काही तिने मुकाट्याने घेतले नव्हते.

विमानतळावर काचेपलीकडे ती रांगेत दिसत होती. तिने सॅकमधून लॅपटॉप काढला आणि ट्रेमध्ये ठेवला, हलक्या हाताने, ताटात पोळी वाढावी तसा. पट्ट्यावरून तो आत गेला, मागून ती गेली. आम्ही दोघे काच पुसून बघत राहिलो. काच पलीकडून मळलेली होती.

चौथ्या दिवशी रात्री फोनवर तिचे तोंड उगवले. मी आणि सौ. एका फोनसमोर बसल्याने तिला आमची दोन कपाळे दिसत होती. पडदा मोठा हवा होता असे क्षणभर मला वाटले, मग लक्षात आले की लहान आहे तो माझा. ती म्हणाली, "थांबा, खोली दाखवते." आणि तिने लॅपटॉप एका हाताने उचलला. पलंग दिसला, टेबल दिसले, भिंतीतली तीन छिद्रांची रांग आणि त्यात घुसवलेली माझी जोडणी दिसली. मग खिडकी आली, तिच्याबाहेर कुठलीशी लाल कौले आणि ट्रामच्या तारा. बराच वेळ ती तशीच उभी राहून एकेक दाखवत होती.

"अगं, खाली ठेव ते," सौ. म्हणाली, "हात दुखेल."